पेपर वाचता येतो, मग पडदा कशाला तपासायचा?

डिचोलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान ५८ वर्षांचे आहेत, बाजारात भुसारी दुकान चालवतात आणि गावच्या जत्रेच्या नाटकात दरवर्षी न चुकता भूमिका करतात. मधुमेहाला ११ वर्षे झाली. गोळ्या वेळेवर घेतात, तरी साखर कधी ताब्यात असते, कधी नसते. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी ‘डोळ्याचा पडदा तपासून घ्या’ असे दोनदा सांगितले, त्यावर यजमानांचे उत्तर असे की, "मला पेपर वाचता येतो, उधारीच्या वहीतले आकडे दिसतात, कदंबाच्या बसची पाटी लांबून वाचतो, मग पडद्याला काय धाड भरली आहे?" मुलाचे म्हणणे, पडदा म्हणजे कॅमेऱ्यातली फिल्म, बिघडलाच तर हल्ली बदलूनही मिळत असेल. घरात रोज सकाळी गाजराचा रस निघतो. भगिनी विचारतात की हा पडदा म्हणजे नेमके काय, तो बदलता येतो का, तपासणी दुखते का, आणि ज्याला स्वच्छ दिसते त्याने ती करावीच का.

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तपासणी करावी, आणि ती पुढच्या जत्रेपर्यंत लांबवू नये. मधुमेहाचे निदान होते त्याच वेळी पडद्याची पहिली तपासणी व्हावी आणि त्यानंतर निदान वर्षातून एकदा व्हावी असा नेत्रवैद्यकाचा नियम आहे. आपल्या यजमानांच्या बाबतीत त्याला अकरा वर्षांचा उशीर झालेला आहे. तरीही त्यांचा युक्तिवाद मला उडवून लावायचा नाही. डोळा दिसण्यासाठी असतो आणि दिसते आहे, तेव्हा डोळा ठीक आहे, असे कोणालाही वाटेल. हा हिशेब कोठे चुकतो ते पडद्याची रचना पाहिल्यावाचून कळत नाही, म्हणून थोडा विस्तार करतो.

प्रथम शब्दाचा घोळ सोडवू. मोतीबिंदू पिकला की आपण ‘डोळ्यावर पडदा आला’ म्हणतो. नाकाच्या बाजूने बुबुळावर मांसल वाढ सरकली की तिलाही पडदाच म्हणतो. डॉक्टर ज्याविषयी बोलत आहेत तो पडदा या दोहोंपेक्षा निराळा असून तो डोळ्याच्या आत, अगदी मागच्या भिंतीला, कोटाला आतून अस्तर लावावे तसा बसलेला असतो. शास्त्रीय मराठीत त्याला दृष्टिपटल म्हणतात, दवाखान्यात सगळे रेटिना म्हणतात. आरशात पाहून तो दिसत नाही, बाहेरून डोळा कितीही टवटवीत असला तरी त्यावरून त्याची स्थिती कळत नाही आणि चष्म्याच्या नंबराशीही त्याचा थेट संबंध नाही. नंबर हा मुख्यतः डोळ्याच्या लांबीचा आणि पुढच्या भिंगांचा मामला आहे. चष्मेवाल्याकडे जाऊन ‘डोळे तपासले’ म्हणणाऱ्या पुष्कळांचा पडदा कोणी पाहिलेलाच नसतो.

या पडद्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते आणि क्षेत्रफळ सुमारे ११०० चौरस मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी शेजारी ठेवावीत इतके. एवढ्या पातळ अस्तरात शरीरशास्त्रज्ञ दहा थर मोजतात. त्यांतील मागच्या बाजूच्या पेशी प्रकाश टिपतात आणि त्या दोन प्रकारच्या असतात. सुमारे १२ कोटी दंडपेशी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. सुमारे ६० लाख शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग व बारीक तपशील त्यांच्यामुळे कळतो. नवल असे की प्रकाश पुढून येतो आणि या पेशी मात्र त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या असतात, त्यामुळे पुढचे सर्व थर ओलांडल्यावाचून तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ही उलटी मांडणी पाहून प्रत्येक विद्यार्थ्याला निसर्गाची चूक झाली असे वाटते. मलाही वाटले होते. पण या पेशींच्या पाठीशी रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा एक एकेरी थर असतो, जो त्यांची झिजलेली टोके रोज खाऊन टाकतो, वापरलेले रंगद्रव्य पुन्हा घडवतो आणि त्याही मागच्या रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या थरातून प्राणवायू व अन्न आणून देतो. दंडपेशीचे प्रकाश टिपणारे टोक सुमारे दहा दिवसांत पूर्णपणे नवे होते. इतकी झीज आणि इतकी भरपाई ज्या पेशींत चालते, त्यांना स्वयंपाकघराला चिकटूनच बसावे लागणार.

आता फिल्मविषयी. आपल्या चिरंजिवांची उपमा शाळेच्या पुस्तकातून आलेली आहे आणि अर्ध्यापर्यंत बरोबर आहे, कारण पडद्यावर समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा पडते हे खरे. परंतु फिल्म जे पडेल ते नोंदवते, आणि पडदा मात्र त्याची छाननी करतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढे दुवा जोडणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यात आडव्या पसरलेल्या पेशी शेजाऱ्या-शेजाऱ्यांची तुलना करून कडा आणि उजेड-छायेतला फरक उठावदार करतात, आणि शेवटच्या पेशींचे तंतू एकत्र होऊन मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतू बनतो. या मज्जातंतूत फक्त १० ते १२ लाख तंतू असतात. साडेबारा कोटी पेशींनी टिपलेले इतक्या तारांतून पाठवायचे, तर दिवसभराच्या चिठ्ठ्यांवरून रात्री वहीत एक ओळ मांडावी तसे सार काढणे भागच असते. हे काम आपल्या यजमानांना मी सांगण्याची गरज नाही. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात पुढच्या मेंदूला दोन बाजूंना फुगवटे येतात आणि त्यांच्यापासून हे पटल घडते. तेव्हा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होत नाही. म्हणूनच तो बदलता येत नाही. नेत्रदानात मिळालेल्या डोळ्यातून जे बसवतात ते पुढचे पारदर्शक बुबुळ असते, मागचा पडदा नसतो. काही माशांच्या पडद्यातील आधारपेशी इजा झाल्यावर नव्या चेतापेशी घडवू शकतात. ते मासे आपण आवडीने खातो म्हणून ती विद्या आपल्याकडे येत नाही.

यजमानांच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. हात समोर लांब करून अंगठा उभा धरला, तर त्याच्या नखाएवढा भाग पडद्याच्या ज्या ठिपक्यावर उमटतो, तेवढ्याच ठिपक्याने आपण अक्षरे वाचतो. पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा भाग आहे आणि त्याच्या मधोमध सुमारे दीड मिलिमीटर व्यासाची एक खळगी आहे, जिच्यात पुढचे थर बाजूला सरकून प्रकाशाला वाट मोकळी करून देतात. तिच्या तळाशी दंडपेशी नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत, फक्त दाटीने बसलेल्या शंकूपेशी आहेत आणि तेथील बहुतेक पेशींना मेंदूकडे जाणारी जवळजवळ स्वतःची तार मिळालेली आहे. या खळगीचे क्षेत्रफळ सगळ्या पडद्याच्या सहाशेव्या भागाहूनही कमी आहे. पेपर, वही आणि बसची पाटी ही तिन्ही कामे तिच्याकडूनच होतात. तेव्हा यजमानांनी घेतलेली परीक्षा खरी आहे, पण सहाशे खोल्यांच्या वाड्यातील एका खोलीत दिवा लागतो एवढेच तिने सिद्ध होते. (रात्री कृत्तिकांच्या पुंजक्याकडे थेट पाहण्याऐवजी नजर किंचित बाजूला ठेवली की अधिक तारे दिसतात, त्याचे कारणही हेच, खळगीत दंडपेशी नाहीत आणि बाजूला त्या भरपूर आहेत.)

उरलेल्या खोल्यांत अंधार झाला तर कळणार नाही का, असे ते विचारतील. त्यांना पुढील प्रयोग करायला सांगावे. कोऱ्या कागदावर एक फुली काढावी आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर आपल्या कपाळाची एक टिकली चिकटवावी. डावा डोळा हाताने झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहावे, टिकलीकडे वळू नये, आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणावा. साधारण ३० सेंटिमीटरच्या आसपास टिकली नाहीशी होईल आणि आणखी जवळ आणल्यावर पुन्हा दिसू लागेल. पडद्यातील सर्व तंतू एकत्र होऊन जेथून डोळ्याबाहेर पडतात, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशींना जागाच उरत नाही, आणि टिकलीची प्रतिमा त्या जागी पडली की ती कोणालाच दिसत नाही. फ्रान्समधील एदम मारियॉत याने सतराव्या शतकाच्या साठच्या दशकात हा अंधबिंदू शोधला. तो लहानसहान नाही. आकाशात पौर्णिमेचे दहा चंद्र एका रांगेत मांडले तरी त्याच्या रुंदीत मावतील. यजमानांना मात्र ५८ वर्षांत त्याचा पत्ता लागला नाही, कारण टिकली जाते तेव्हा तेथे काळे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. भोवताली जे असेल ते पाहून मेंदू ती जागा भरून टाकतो, आणि दोन्ही डोळे उघडे असतील तर एकाची उणीव दुसरा झाकतो. जन्मजात रिकाम्या जागेची जो डोळा दाद लागू देत नाही, तो पडद्याच्या कडेला मधुमेहाने पाडलेल्या डागांची तक्रार आपण होऊन करील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. शिवाय पडद्याला वेदनेचे मज्जातंतू नाहीत; रक्तस्राव झाला तरी तो दुखत नाही.

मधुमेह येथे काय करतो? पडद्याच्या मागच्या अर्ध्याला पाठीमागच्या थरातून रक्त मिळते आणि पुढच्या अर्ध्याला मज्जातंतूबरोबर आत शिरणाऱ्या एका धमनीच्या केसाहून बारीक फांद्यांतून. वजनाच्या मानाने पडद्याइतका प्राणवायू खाणाऱ्या ऊती शरीरात फारच थोड्या आहेत, म्हणून या फांद्यांवर सर्व भिस्त असते. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की त्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंतीला सुईच्या टोकाएवढे फुगे येतात, त्यांतून रक्त आणि स्निग्ध द्रव पाझरू लागतो. पाझर पीतबिंदूपाशी झाला तर तेथे सूज येते आणि तेव्हा कुठे पेपर अंधुक होतो. दुसरीकडे काही फांद्या बुजतात, त्यांच्यावर अवलंबून असलेला भाग उपाशी पडतो आणि नव्या रक्तवाहिन्या वाढाव्यात म्हणून एक रसायन सोडतो. नव्या वाहिन्या येतात, पण त्या कच्च्या असतात. पडद्यावरून डोळ्यातल्या जेलीसारख्या पदार्थात वाढतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. इथवर मजल जाईपर्यंतही खळगी शाबूत असली तर माणूस शेवटची ओळ फाडफाड वाचतो. नव्या वाहिन्या उगवलेल्या, आणि नजर मात्र सहाला सहा, म्हणजे तक्त्यावर पूर्ण, असे रुग्ण मी तपासले आहेत. त्यांना उपचार पटवून देणे हे प्रत्यक्ष उपचारापेक्षा अवघड जाते.

ही गोष्ट गोव्यात अधिक निकडीची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के निघाले आणि गोव्यात २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक. म्हणजे दुकानात येणाऱ्या दर चार प्रौढ गिऱ्हाइकांमागे एकाला हाच प्रश्न लागू पडतो.

तपासणी दुखत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यांत घालतात, ते क्षणभर चुरचुरतात. वीस-तीस मिनिटे डोळे मिटून बसावे लागते. मग अंधाऱ्या खोलीत डॉक्टर डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून, ‘वर बघा, खाली बघा, कानाकडे बघा’ असे सांगत पडद्याचा प्रत्येक कोपरा पाहतात. हेल्महोल्त्झ यांनी १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले, त्याआधी जिवंत माणसाचा पडदा नीट पाहण्याचे साधन वैद्यांपाशी नव्हते. आज त्या भिंगातून केशरी-तांबूस पृष्ठभाग दिसतो, त्यावर फिकट पिवळी वाटोळी चकती आणि तिच्यातून चारी बाजूंना फाटे फुटलेल्या रक्तवाहिन्या, आणि थोड्या अंतरावर गडदसर पीतबिंदू. शरीर न कापता रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू उघड्या डोळ्यांसमोर दिसावेत अशी ही एकच जागा आहे. मधुमेहाचे लाल टिपके आणि मेणचट पिवळे कण यांच्यात लपून राहत नाहीत. गरज वाटल्यास ओसीटी नावाच्या यंत्राने थरांचा उभा छेद दाखवणारे चित्र काढतात. तेव्हा यंत्र डोळ्याला टेकतही नाही.

काही सापडलेच तर घाबरण्याचे कारण नाही, पण उपचारांची मर्यादा ओळखून असावे. सुरुवातीच्या टिपक्यांना बहुधा साखर, रक्तदाब आणि चरबी ताब्यात ठेवणे हाच उपचार असतो. पीतबिंदूला सूज असेल तर त्या रसायनाला अडवणारे औषध डोळा बधिर करून आत टोचतात आणि ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. नव्या वाहिन्या असतील तर पडद्याच्या कडेच्या भागावर लेझरचे ठिपके देऊन त्या भागाची प्राणवायूची मागणी कमी करतात; कडेची आणि रात्रीची थोडी नजर खर्ची घालून मधली वाचवण्याचा हा व्यवहार आहे. जे शिल्लक आहे ते राखण्यात हे उपचार पटाईत आहेत, गेलेले परत आणण्यात तितके नाहीत.

गाजराच्या रसाविषयी. दंडपेशींतील रंगद्रव्य जीवनसत्त्व ‘अ’पासून बनते हे खरे आहे, याच कामासाठी जॉर्ज वाल्ड यांना १९६७ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. प्रखर उजेडात हे रंगद्रव्य विरते आणि अंधारात पुन्हा भरायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून रंगमंचावरच्या झगझगाटातून विंगेत आलेला नट आधी चाचपडतो. परंतु ज्याच्या जेवणात तांबडी भाजी, पपई, अंडी आणि मासे आहेत, त्याला या जीवनसत्त्वाची सहसा वाण नसते, आणि मधुमेहाने पोखरलेल्या रक्तवाहिन्या गाजराने दुरुस्त होत नाहीत. रस गाळल्याने चोथा जातो आणि साखर लवकर चढते. गाजर हवेच असेल तर चावून खावे. यजमानांना एवढे मात्र विचारा, की विंगेत चाचपडण्याचा वेळ अलीकडे वाढला आहे का. त्याची कारणे मोतीबिंदूसह अनेक असू शकतात, पण ते डॉक्टरांना सांगण्याजोगे आहे.

काही लक्षणे दिसली तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. एका डोळ्यापुढे अचानक काळ्या ठिपक्यांचा किंवा काजळीचा पाऊस पडणे, कडेला विजेसारखी चमक येत राहणे, एका बाजूने सावली सरकत येणे, सरळ रेषा वाकड्या दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. सावली सरकते तेव्हा पडदा फाटून मागच्या थरापासून सुटत असतो, स्वयंपाकघरापासून तुटलेल्या पेशी फार दिवस तग धरत नाहीत, आणि खळगी सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर पुष्कळ वाचते. मी स्वतः नेत्रवैद्य असून एका सायंकाळी डाव्या डोळ्यापुढे कोळिष्टकासारखे काही तरंगू लागले तेव्हा दुसऱ्या दिवशीचे रुग्ण आटोपून मग सहकाऱ्याला डोळा दाखवला. वयोमानाने आतली जेली पडद्यापासून सुटली होती, पडद्याला चीर नव्हती. हे नशीब, शहाणपण नव्हे. सहकाऱ्याने त्यावरून मला जे ऐकवले ते येथे छापण्यासारखे नाही. रेषांची परीक्षा घरी करता येते. जुन्या घरात शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी असेल तर तिच्यासमोर, नसेल तर खिडकीच्या गजांसमोर उभे राहून, वाचायचा चष्मा काढून, एक डोळा झाकून मधल्या चौकटीकडे पाहावे आणि मग दुसऱ्या डोळ्याने तेच करावे. चौकटी वाकलेल्या किंवा एखादी पुसलेली दिसते का, एवढेच पाहायचे. एकेक डोळा वेगळा पाहणे महत्त्वाचे, नाहीतर टिकलीच्या प्रयोगासारखीच फसगत होते.

जवळ नेत्रवैद्य असेल तर तेथे, नाहीतर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात जावे. डिचोलीहून जाऊन येण्यात दिवस मोडतो, हे गृहीत धरा. साखरेचे आणि तीन महिन्यांच्या सरासरीचे अलीकडचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि जुना चष्मा बरोबर न्यावा. काचबिंदू असल्याचे कोणी पूर्वी सांगितले असेल तर थेंब घालण्याआधी ते बोलून दाखवावे. यजमानांनी स्कूटर घेऊन जाऊ नये. थेंबांनंतर चार-सहा तास उजेड डोळ्यांत खुपतो आणि जवळचे पुसट दिसते, म्हणून चिरंजिवांनी सोबत जावे आणि काळा चष्मा खिशात ठेवावा. संध्याकाळी दुकान उघडायला हरकत नाही. उधारीची वही मात्र त्या दिवशी आपण लिहावी.